डीकनच्या कानामागचे केस

वर्लीन स्टकीनं तुमच्या कुत्र्याकडे टक लावून पाहिलं, की खुशाल समजावं, बाईला त्याच्या अंगात मासा दिसतो आहे. कॉपर फोर्ड गावातले लोक हे चेष्टेनं म्हणत, पण त्यात खोटं काही नव्हतं. अमेरिकेत मिसूरीच्या दक्षिणेकडल्या त्या टेकड्यांमध्ये कुत्र्यांना अंघोळ घालणारी, विंचरणारी, त्यांची नखं कापणारी ती एकटीच. घराला लागून असलेल्या गॅरेजात तिचं दुकान. हिवाळा सरून कुत्री लोकर टाकायला लागली, की दुसऱ्या कुणीही तो ढीग झाडून कचऱ्यात टाकला असता. वर्लीन त्यातून चिमूट चिमूट निवडायची, शांपूनं धुवायची, वाळवायची आणि जॅमच्या रिकाम्या बरण्यांत भरून ठेवायची. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी. ट्रिक्सी, कॉली, मानेखालचे. बस्टर, पांढरे, पोटाचे. बाहेरगावचा माणूस ती फळी बघून एकदम गंभीर व्हायचा. त्याला वाटायचं, ही गेलेल्या कुत्र्यांची राख. तिचा नवरा लॉइड असल्या माणसाची समजूत काढायच्या भानगडीत पडत नसे. उलट डोळे पुसल्यासारखं करायचा.

राख कसली, मासे होते ते. अजून व्हायचे होते, एवढंच. तळ्यातला बास म्हणजे मोठ्या तोंडाचा आणि त्याहून मोठ्या भुकेचा प्राणी. बोटभर मासळी नाकासमोरून गेली की त्याला राहवत नाही. त्याला फसवायला वर्लीन जिग बांधायची. लॉइडनं शेडमध्ये साच्यात ओतून दिलेलं वाटाण्याएवढं शिशाचं डोकं, त्यातूनच निघालेला गळ, आणि डोक्यामागे दोऱ्यानं आवळलेला केसांचा झुपका. डोक्याला नेलपॉलिशचा रंग. खिळ्याच्या माथ्यानं पांढरा ठिपका, त्यात काडीच्या टोकानं काळा, की झाला डोळा. नवशिका इथंच फसतो. जिग हातात गुबगुबीत दिसावी म्हणून तो केस भरभरून बांधतो, आणि पाण्यात गेली की ती ओल्या बोळ्यासारखी बुडते. वर्लीनची जिग हातात घेतलीत तर वाटावं, हिला टक्कल पडलंय. पाण्यात मात्र तिला जीव यायचा.

तर केस होते, हात होता, हौस तर उतू जात होती. तळं नव्हतं.

आता त्या मुलखात तळ्यांना काय तोटा? गुरांना पाणी हवं म्हणून जवळजवळ प्रत्येक शेतावर एक असतं. पण वर्लीनचा जीव अडकला होता प्रूइटच्या तळ्यात. तिच्या मते मोठे बास तिथंच होते, आणि या बाबतीत तिचं मत हा त्या घरातला कायदा होता. दुसऱ्याच्या तळ्यात मासे धरायची त्या मुलखात रीत ठरलेली आहे. दिवसाउजेडी मालकाच्या दारात जायचं, डोक्यावरची टोपी काढायची आणि विचारायचं. फोनवर विचारणाऱ्याला कुणी तळं देत नाही. आणि मालक हो म्हणाला, की पाळायचा नियम एकच: फाटक जसं सापडेल तसं सोडायचं. उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद.

अकरा वर्षांपूर्वी, जुलैच्या रणरणत्या उन्हात, वर्लीननं हा नियम मोडला, आणि तोही निव्वळ चांगुलपणानं. कुरण आणि तळं यांच्यामधलं फाटक तिला सताड उघडं दिसलं. परत निघताना तिनं ते ओढून घेतलं, कडी घातली आणि आपल्या जबाबदारपणाबद्दल मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली. गुरं राहिली कुरणाच्या बाजूला आणि पाणी फाटकाच्या पलीकडे. मालक एल्डन प्रूइट तेव्हा स्प्रिंगफील्डच्या इस्पितळात बायकोच्या उशाशी बसलेला. दोन दिवसांनी तो घरी आला, तेव्हा एक गाभण कालवड मरून पडली होती.

तो वर्लीनच्या दारात आला, पण ओरडला नाही. "माझं तळं विसर," एवढंच म्हणाला आणि गेला. त्याच आठवड्यात त्याची बायको नडीन वारली. वर्लीन दफनाला गेली, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसली आणि त्याच्यासमोर उभं राहायचा धीर न होऊन तशीच परत आली. त्यानंतर ती त्या तळ्याकडे बघेनाशी झाली. म्हणजे, स्वतः गाडी चालवत असली तर बघायची नाही. लॉइड चालवत असला की मान मोडेपर्यंत बघायची.

एल्डननंही हट्ट सोडला नाही. कुत्र्याची लोकर काढायला तो चाळीस मैलांवरच्या गावी जायचा. तिथली बाई या वर्षी दुकानाला कुलूप लावून लेकीकडे फ्लॉरिडाला निघून गेली, आणि मे महिन्यातल्या एका सकाळी एल्डनची जुनी पिकअप वर्लीनच्या गॅरेजसमोर येऊन थांबली. आतून आधी उतरला तो कुत्रा. डीकन. वासराएवढा पांढरा पिरनीज, मेंढ्यांची राखण करणारा, आणि अंगावर लोकरीच्या अशा गाठी, की जुन्या गादीचा कापूस बाहेर आलाय असं वाटावं.

"गाठी झाल्यात," एल्डन म्हणाला. एकोणऐंशी वर्षांचा, उंच, एका गुडघ्यानं लंगडणारा.

"दिसतंय."

"कापायचं नाही. विंचरायचं."

"कापत नाहीच मी. दोन वाजता या."

अकरा वर्षांचं बोलणं एवढ्यावर उरकलं.

तीन तास ती गाठी सोडवत होती. डीकन गुणी. मधूनमधून जांभई द्यायचा आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकवायचा. लोकर पांढरीशुभ्र निघत होती. चांगली होती, पण पांढऱ्या लोकरीच्या तिच्याकडे चार बरण्या होत्या. मग ती कानामागे पोचली. तिथं डीकनला जुन्या नाण्याएवढा एकेक डाग होता, राखी-बदामी, केसाच्या बुडाशी किंचित सोनेरी. तिनं त्यातली चिमूट उचलली आणि उजेडात धरली. तिनं फुंकर मारली नाही. तिनं नुसता श्वास सोडला, आणि केस सळसळले.

वर्लीन खालीच बसली.

कारण एल्डनच्या तळ्यात शायनर होते. नडीननंच एकदा ते बास माशांना खाऊ म्हणून आणून सोडले होते. चिंचोळी, बोटभर, चंदेरी मासळी. पाठ राखी, कूस पांढरी, आणि वळली की उन्हात अंगावरून सोन्याची एक झाक जाते. ती झाक मिळावी म्हणून वर्लीननं काय काय केलं नव्हतं? चमकी लावली, नाताळच्या झाडाची झिरमिळी कापून बांधली, एकदा स्वतःच्या केसांना कलप करून तेही बांधून पाहिले. सगळं खोटं दिसायचं. आणि इथं पाठ, कूस, सोनं, सगळं एकाच कुत्र्याच्या अंगावर आयतं उगवलेलं, आणि कुत्रा कुणाचा, तर त्याच तळ्याच्या मालकाचा. तिला हसू आवरेना. डीकननंही शेपूट हलवलं, कारण तो तसा कुणाच्याही आनंदात सामील होणारा होता.

दोन वाजता एल्डन आला. ढगासारखा फुललेला कुत्रा बघून त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. वर्लीननं कानामागच्या केसांची पिशवी पायानं टेबलाखाली सरकवली होती. हे बरं नव्हतं, आणि तिला ते कळत होतं.

त्या दुपारी तिनं पुढची दोन कुत्री उद्यावर ढकलली आणि जिग बांधायला बसली. पहिली बिघडली. चाळीस वर्षांचा हात, पण हावरटपणा झाला. केस जास्त घेतले गेले. दुसरी बरी. तिसऱ्या वेळी तिनं निम्मे केस काढून टाकले, मग त्यातलेही निम्मे. पोटाखाली पांढरे, वर राखी, मध्ये सोनेरी बुडाचे पाचसात. दोऱ्याचे वेढे, गाठ, नेलपॉलिश, डोळा. डाग तो केवढा, त्यात मनासारख्या तीनच जिग झाल्या. तिनं बाथरूममध्ये जाऊन टब भरला, काठीच्या टोकाला दोरा, दोऱ्याला जिग, आणि गुडघ्यांवर बसून ती पाण्यातून हळूहळू ओढायला लागली.

लॉइड कामावरून आला होता. दिवसभर लोकांच्या घरी गॅसच्या टाक्या पोचवून अंग आंबलेलं. तो टॉवेल गुंडाळून दारात उभा राहिला.

"मला अंघोळ करायची आहे, वर्लीन."

"टबात मासा आहे."

त्यानं वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "हा गरम पाण्यात जगला कसा?"

लॉइड हा काही कुणाच्या बोलण्याला भुलणारा माणूस नव्हे. बायकोची तर कुठलीही गोष्ट तो निम्मी वजा करूनच ऐकतो. तो फसला म्हणजे बास कुठला राहतो! वर्लीननं उठून त्याला अशी मिठी मारली की टॉवेल टबात पडला.

शेवटी टबात बसल्यावर त्यानं विचारलं, आता पुढं काय.

"पुढं प्रूइटचं तळं."

"त्यानं तुला हाकललं तर?"

"तर हाकललं."

"आणि गोळी घातली, तर कुठल्या बरणीवर तुझी चिठ्ठी लावू तेवढं सांगून जा."

ती हसली, पण तेवढ्यापुरतीच. नुसतं तळं हवं असतं तर गोष्ट वेगळी. त्या दारात उभं राहून नाही ऐकलं, तर तो नकार कायमचा होणार होता. आत्तापर्यंत निदान विचारलं नाही म्हणून मिळालं नाही, असं तरी म्हणता येत होतं.

शनिवारी सकाळी दहा वाजता ती प्रूइटच्या ओट्यावर उभी होती. एका हातात टोपी, दुसऱ्यात बिटाच्या लोणच्याची बरणी, आणि पाठ केलेलं सगळं भाषण विसरलेलं. एल्डननं दार उघडलं. तिनं एका दमात सांगून टाकलं, की तुमच्या कुत्र्याचे केस मी तुम्हाला न विचारता ठेवून घेतले, त्याची ही वस्तू केली, ही ज्या माशासारखी दिसते तो मासा तुमच्याच तळ्यात आहे, आणि मला ती तिथं टाकून बघायची आहे. मग जिग त्याच्यापुढं धरली.

त्यानं ती तळहातावर घेतली, लांब धरली, जवळ धरली.

"हा डीकन?"

"कानामागचा."

एल्डननं कुत्र्याकडे पाहिलं, मग परत जिगकडे. "एक तास," तो म्हणाला. "आणि मी बरोबर येणार."

डीकनला घेऊन दोघं त्याच्या पिकअपमधून निघाले. फाटक एल्डननं स्वतः उघडलं आणि स्वतः लावलं; तिला उतरूसुद्धा दिलं नाही. बांधावर गाडी उभी करून तो डीकनच्या पट्ट्याला धरून पाऊल पाऊल उतार उतरला, पालथी बादली पाण्याच्या कडेला ठेवून तिच्यावर बसला आणि मनगटावरचं घड्याळ बघितलं. आभाळ भरलेलं, वारा पश्चिमेचा, पाण्यावर बारीक सुरकुत्या. याहून चांगला दिवस मागून मिळाला नसता.

तिसऱ्याच फेकीला हिसका बसला. काठी वाकली, वर्लीन ओरडली, दोरा सूं करून गेला आणि तटकन तुटला. जुना दोरा. जिगच्या नादात बाई दोरा बदलायला विसरली होती. तिनं स्वतःला शिव्या दिल्या, पुढचे वीस हात दोरा कापून फेकला आणि दुसरी जिग बांधली. ती पाचव्या फेकीला तळाशी कशात तरी अशी रुतली की सुटेना.

"तिथं सीडरचं आख्खं झाड आहे," एल्डन म्हणाला. "नडीननं बुडवायला लावलं होतं. माशांना घर पाहिजे म्हणायची."

"मग आधी सांगायचं!"

"तू विचारलं नाहीस."

ती चिडून बोलणार होती, पण कुणाच्या जमिनीवर उभी आहे ते आठवून गप्प राहिली. तिसरी जिग काढली, तर दोरा ओवायच्या भोकात नेलपॉलिश सुकलेलं. एल्डननं खिशातला चाकू उघडून पुढं केला. टोकानं भोक मोकळं करून तिनं गाठ मारली. ही गेली की संपलं. डीकनच्या कानामागे आता पुढच्या वसंतापर्यंत काही उगवणार नव्हतं.

अर्धा तास काही नाही. फेकायची, बुडू द्यायची, काठीचं टोक जरासं उचलायचं, परत बुडू द्यायची. वर्लीन झाडाच्या कडेकडेनं वीतवीत पुढं सरकत होती. एल्डन पाण्याकडे बघत होता. आणि अचानक, काही विचारलेलं नसताना, तो बोलायला लागला.

"त्या दिवशी सकाळी तू दारात आलीस, तेव्हा फाटक उघडं ठेव असं मी सांगायला हवं होतं. सगळ्यांना सांगायचो मी. पण इस्पितळातून फोन आला होता, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मग कालवड मेली. मग नडीन गेली. मला कुणावर तरी राग काढायचा होता, आणि तू..."

"गप्प बसा," वर्लीन म्हणाली.

अकरा वर्षं माणसानं गिळून ठेवलेलं बोलणं, आणि त्याच्याच तळ्यावर त्याला गप्प बसवणारी ही. पण तिचा इलाज नव्हता. पाण्यावर पडलेला सैल दोरा सैलच होता, आणि तसाच, वाऱ्याच्या उलट, डावीकडे सरकत होता. हिसका नाही, धक्का नाही. कुणीतरी जिग तोंडात धरून घरी निघालं होतं.

तिनं काठी ओढली, आणि सगळं तळं जिवंत झालं. मासा आधी खाली गेला, मग वर आला, पाण्याबाहेर अर्धा उडाला आणि बादलीएवढं तोंड उघडून डोकं झटकायला लागला. डीकन भुंकत पोटापर्यंत पाण्यात शिरला. "झाडाकडे जाऊ देऊ नको," एल्डन ओरडत होता, "काठी खाली घे, खाली, अगं उजवीकडे बघ," आणि कधी उभा राहिला, बादली कधी लाथाडली गेली, त्याचा त्याला पत्ता नव्हता. वर्लीन बुटांसकट गुडघाभर पाण्यात. दोरा किणकिणत होता. मासा दोनदा झाडाकडे वळला आणि दोनदा तिनं त्याला अंगाचा सगळा भार टाकून फिरवलं. मग तो कुशीवर आला. तिनं त्याच्या खालच्या जबड्यात अंगठा घातला आणि दोन्ही हातांनी उचलून काठावर आणला. सात पौंडांच्या घरात भरला असता. हिरवागार, जाड, पोट सुटलेला. ती हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, त्यातलं सगळं तळ्यातलं नव्हतं.

तिनं जिग सोडवली, तसा बास उचकी दिल्यासारखा आखडला आणि त्यानं गवतावर एक शायनर ओकून टाकला. बोटभर, चंदेरी, गिळल्याला फार वेळ झाला नसावा. तो जिगच्या शेजारीच पडला. एल्डन बघत राहिला. त्याचा चष्मा गाडीत राहिला होता.

"हा बिचारा अजून हलतोय," तो म्हणाला. "याला तरी पाण्यात सोडू." आणि खाली वाकून त्यानं उचलली ती जिग.

गळ बोटात रुतला. रक्ताचा थेंब आला. एल्डननं बोटाकडे पाहिलं, गवतात पडलेल्या शायनरकडे पाहिलं, आणि हसायला लागला. वर्लीननं त्याला हसताना कधी ऐकलं नव्हतं. डब्यात खडे घालून हलवावेत तसं, खडखड, थांबायला तयार नाही.

तिनं बासला पाण्यात धरून ठेवलं. त्याचे कल्ले नीट चालायला लागले, तेव्हा हात मोकळे केले. शेपटीचा एक फटका मारून तो खोल निघून गेला.

"मघाचं ऐकलं मी," ती पाठमोरीच म्हणाली. "फाटकाचं. सगळं ऐकलं. पण मासा होता."

"मासा होता," एल्डननं मान्य केलं.

"कालवडीचं मला फार लागलंय, मिस्टर प्रूइट. अजून लागतं. दफनालाही आले होते, पण तुमच्यापर्यंत यायचा धीर झाला नाही."

"मागच्या बाकावर होतीस. निळी टोपी."

तिनं दोरा गुंडाळायला घेतला. तळं परत मिळालं का, हे विचारायला जीभ उचलत नव्हती. एक तास ठरला होता, तो मिळाला होता. याहून जास्त मागणं म्हणजे हावरटपणा, आणि हावरटपणानं जिग बिघडते हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

"तास झाला असेल," ती म्हणाली.

एल्डननं घड्याळ बघितलं. "झाला. दहा मिनिटांपूर्वी."

"मग सांगितलं का नाही?"

"तू गप्प बसा म्हणालीस."

बोटाला रुमाल गुंडाळत तो पाण्याकडे बघत उभा होता. डीकननं अंग झाडून दोघांनाही भिजवलं. मग एल्डननं विचारलं, तुमचं चर्च उद्या किती वाजता सुटतं. वर्लीन म्हणाली, साडेअकराला.

"मग बाराला ये. घरावरून ये, परस्पर खाली उतरू नको." त्यानं बांधाकडे मान वळवली. "मला हा उतार आता एकट्याला झेपत नाही. चार वर्षं झाली, मी हे पाणी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघतो."

वर्लीननं काठी गवतात ठेवली आणि लवंडलेली बादली परत पालथी घातली. त्याच्या कोपराखाली हात देऊन तिनं त्याला तिच्यावर बसवलं आणि स्वतः शेजारी ओल्या गवतात बसली. घरी जायची घाई दोघांनाही नव्हती.